तळव्यावरचा काळा डाग



कातडीचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा रोग, काळ्यासावळ्यांस तो शिवत नाही, अशी समजूत शिकल्यासवरल्यांतही आहे. ती अर्धीच खरी. उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर आपल्यांत कमी, हे निर्विवाद. पण मेलॅनोमा म्हणून जो जहाल कॅन्सर आहे, तो सावळ्या माणसास झालाच तर बहुधा तळपायास, तळहातास किंवा नखाखाली होतो. तो उन्हाचा रोगच नव्हे. आणि तळव्याकडे पाहतो कोण? डॉक्टरीच्या पुस्तकांतली चित्रेही बहुतेक गोऱ्या कातडीचीच!

जमैका बेटाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हा रोग निघाला. आरंभी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. मे १९८१ मध्ये ते वारले. वय अवघे ३६.

आपल्याकडे फुटबॉलच्या जागी काटा, कुरूप आणि ठेच आहे. सुताराच्या अंगठ्यावर हातोडी बसते, नख काळे पडते. ते साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत निघून जाते. हाताचे नख सुमारे सहा महिन्यांत, पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्षात नवे येते. परंतु जो काळा पट्टा मुळापासून टोकापर्यंत कायम राहतो, रुंदावतो, नखाबाहेरच्या कातडीवर उतरतो, त्यास मार समजू नये. सावळ्या माणसांच्या पुष्कळ नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात, त्यांस भिण्याचे कारण नाही. एकाच नखावर नवी उठलेली रेघ मात्र दाखवावी.

तळव्याची कातडी शेतासारखी सरी-वरंब्याची असते. जपानी डॉक्टरांनी भिंगातून पाहून दाखविले की, साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत बसतो, मेलॅनोमाचा वरंब्यावर चढतो. हे नुसत्या डोळ्यांस उमगत नाही, सबब डॉक्टरकडे जावे. कधी हा डाग काळा नसतोही. न भरणारी तांबडी जखमच दिसते.

खरा निकाल तुकडा काढून तपासल्यावरच लागतो. ‘लोखंड लागले की पसरतो’ हे म्हणणे खोटे आहे. अशा डागावर बिब्बा घालू नये, डागणी देऊ नये, घरच्या पात्याने कुरूप म्हणून कोरू नये.

दवाखान्यात भेगाळलेला पाय पुढे करावयास आपण लाजतो. लाजू नये. म्हाताऱ्या माणसास स्वतःचा तळवा दिसत नाही. पाय धुतल्यावर तो सुनेने नाहीतर नातवाने उजेडात पाहावा, बोटांच्या बेचक्यांसह.