तार खाडीपाशी का थांबली?

विरारपर्यंत विजेवरची गाडी धावू लागली ती 1936 साली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली हा पट्टा 5 जानेवारी 1928 रोजीच विजेवर आणला होता. आठ वर्षांनी त्याच तारा खाडी ओलांडून वसईत शिरल्या. भाजी, केळी, विड्याची पानं घेऊन मुंबईचा बाजार गाठणाऱ्या वसईकरांची सोय झाली. रुळालगतच्या वाड्यांत मात्र विहिरीवरचा रहाट अजून जनावराच्या बळावरच फिरत होता आणि तिन्हीसांजेला कंदिलाच्या काचा पुसल्या जात होत्या. गाडीच्या तारेत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह. त्यावर घरातला दिवा लावणं शक्यच नव्हतं, आणि घरोघर वीज विकणं हा रेल्वेचा धंदाही नव्हता.

तो धंदा परवानेदार कंपन्यांचा. सरकार परवाना देई, त्यात कंपनीची हद्द आखलेली असे, रस्ते खणायची आणि खांब रोवायची मुभा असे. शिवाय मुदत असे. 1910च्या वीज कायद्याने तर स्पष्टच म्हटलं होतं, की परवान्यात ठरलेली मुदत संपली (आणि ती जास्तीत जास्त पन्नास वर्षांची), की कंपनी विकत घेण्याचा पर्याय खुला होईल. म्हणजे कंपनी जन्माला येतानाच तिच्या कुंडलीत सरकारजमा होण्याचा योग मांडलेला असे.

मुंबईचं उदाहरण घेऊ. तिथे विजेचे दिवे पहिल्यांदा लागले 1882 साली, क्रॉफर्ड मार्केटात. पुढच्या वर्षी पालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला, पण वर्षभरात कंपनीचंच दिवाळं वाजलं आणि मार्केट मुकाट्याने पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. खरी सुरुवात व्हायला 1905 उजाडलं. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी लंडनमध्ये नोंदली गेली. घोड्यांची ट्राम चालवणारी जुनी कंपनी 98 लाख 50 हजार रुपयांना विकत घेतली गेली, वाडी बंदरला छोटं वीजघर उभं राहिलं आणि 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम रस्त्यावर आली. वीज आणि ट्राम यांची जोडी काही गंमत म्हणून जमवलेली नव्हती. दिव्यांची मागणी संध्याकाळची, ट्रामची दिवसभराची; यंत्रं रिकामी बसत नसत.

पालिकेबरोबरचा करार झाला होता 7 ऑगस्ट 1905 रोजी. त्यात पालिकेला 42 वर्षांनी कंपनी विकत घेण्याचा हक्क होता. आता 42 वर्षं मोजून पाहा: 7 ऑगस्ट 1947. स्वातंत्र्याला अवघा आठवडा उरला असताना ही कंपनी, म्हणजेच ‘बेस्ट’, मुंबई महापालिकेची झाली. स्वातंत्र्याच्या वाऱ्यात परकी कंपनी ताब्यात घेतली, असं पुष्कळांना वाटतं. ते ऐकायला बरं वाटतं, पण तारीख 1905च्या कागदावरूनच आली होती.

दरम्यान वीज बनवण्याचं काम सह्याद्रीकडे सरकलं होतं. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून, घाटावरचं पाणी खाली सोडून टाटांनी 1915 साली खोपोलीला वीज निर्माण केली. मग भिवपुरी आली, मग भिरा. या योजनांतल्या मुळशी धरणासाठी ज्यांची जमीन जाणार होती त्या मावळ्यांचा सत्याग्रह सेनापती बापटांनी चालवला होता, हेही विजेच्या हिशेबात धरावं लागतं. टाटांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या आणि रेल्वे. फुटकळ गिऱ्हाइकांना घरोघर वीज पोचवायला दुसऱ्या कंपन्या होत्या. उपनगरांसाठी 1929 साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय निघाली. किलिक निक्सन तिचे मॅनेजिंग एजंट. अहमदाबाद आणि सुरतच्या वीजकंपन्याही त्यांच्याच हाताखाली. पुढे बीएसईएस म्हणून ओळखली गेलेली ही कंपनी टाटांकडून वीज घ्यायची आणि बंगल्यांना, चाळींना, कारखान्यांना विकायची. तिचं क्षेत्र वाढत वाढत भाईंदरपर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

खाडीवर पूल होता, पुलावरून विजेची गाडी जात होती, तरी कंपनीची तार पुढे आली नाही. यात कुणाचा दुष्टावा शोधायचं कारण नाही. खांबाचा आणि तांब्याच्या तारेचा खर्च वसूल व्हायला एका मैलात पुरेशी घरं हवीत. वसईतल्या वाड्या विखुरलेल्या, आणि दिवसा वीज ओढणारे कारखाने तेव्हा मोजकेच.

अशा विरळ मुलखासाठीच 1948च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. मुंबई राज्याचं मंडळ 1954 साली आलं. महाराष्ट्र झाल्यावर 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. 2005 साली त्याचे तुकडे पडून महावितरण झालं, तरी वसईत लाइट गेली की आजही फोन ‘एमएसईबी’लाच लावला जातो.

बीएसईएस मात्र सरकारी मंडळात कधी विलीन झाली नाही. 2003 साली ती रिलायन्सकडे गेली, 2018 साली तिचा मुंबईतला वीजव्यवसाय अदानींकडे. तिने स्वतःचं पहिलं औष्णिक वीजकेंद्र 1990च्या दशकात उभारलं ते डहाणूला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातच. 500 मेगावॉटच्या या केंद्रातून 220 किलोव्होल्टच्या वाहिन्या वर्सोवा आणि घोडबंदरकडे जातात. डहाणूची ही वीज उपनगरांच्या वाट्याची. त्याच जिल्ह्यातल्या वसईकराचं बिल महावितरणचं. भाईंदर सोडून गाडी पूल ओलांडते आणि नायगावला थांबते, तेवढ्यात वीजकंपनी बदललेली असते.