दावे सैल करण्याची वेळ

(नृसिंहवाडी येथे पशुपालकांच्या मेळाव्यात एका निवृत्त पशुवैद्यकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर उभे राहून तुम्हाला पाण्याविषयी काही सांगणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणे आहे. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की आपण हात जोडतो, स्नानाला धावतो. पण तेच पाणी चढतच राहिले म्हणजे काय होते, ते आपण 2005 साली पाहिले, 2019 साली पाहिले आणि 2021 साली पुन्हा पाहिले.

2019च्या ऑगस्टमधील पूर ओसरल्यावर याच शिरोळ तालुक्यातील एका गोठ्यात मी गेलो होतो. गव्हाणीसमोर जनावरे ओळीने पडलेली होती आणि प्रत्येकाच्या गळ्यातील दावे खुंट्याला तसेच होते. त्यांत तीन म्हशी होत्या. म्हैस तर जन्मजात पोहणारी! तिला पाण्याने मारले नव्हते, दाव्याने मारले होते. मालकाला मी दोष देत नाही. रात्री छातीएवढ्या पाण्यातून लेकरांना खांद्यावर घेऊन तो निघाला, परत येऊन जनावरे सोडू असे त्याला वाटले आणि परतीची वाट उरली नाही. तो माणूस माझ्याशी बोलताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "डॉक्टर, नुसतं सोडलं असतं तरी..." ते वाक्य त्याने पुरे केले नाही. ते पुरे करण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

माझ्या सेवेची बहुतेक वर्षे मी गोठ्यागोठ्यांतून हिंडलो. ताप मोजला, पोटफुगी उतरवली, अडलेली वासरे बाहेर काढली. रोग पाहिला, पण निरोगी जनावर दिवसभर काय करते, त्याला काय हवे असते, हे मी कधी निवांत बसून पाहिले नाही. ही माझी चूक होती आणि ती मी या ठिकाणी कबूल करणे योग्यच आहे. कारण हे दत्तप्रभूंचे स्थान आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत कबूतर आहे, अजगर आहे, हत्ती, हरीण, मासा, मधमाशी, कोळी आहे. या मुक्या जिवांचे नुसते वागणे पाहून तो शिकला. आधुनिक शास्त्र ज्याला पशुवर्तनाचा अभ्यास म्हणते, त्याचेही मूळ असेच निरपेक्ष निरीक्षणात आहे.

हा अभ्यास पाश्चात्त्य देशांत बहरला तो पश्चात्तापातून. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे जनावरांचे कारखाने उभे राहिले. 1964 साली रूथ हॅरिसन या इंग्लिश विदुषीने आपल्या पुस्तकातून त्यांचे अंतरंग उघड केले आणि लोकक्षोभामुळे ब्रिटिश सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 1965च्या अहवालात समितीने किमान अपेक्षा सांगितली, ती अशी : जनावराला उभे राहता यावे, बसता यावे, वळता यावे, स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत. बंधूंनो, पाचच गोष्टी! आज घरी गेल्यावर आपल्या गोठ्यातील जनावराच्या दाव्याची लांबी मोजा आणि या पाचांपैकी किती गोष्टी त्याला करता येतात, ते प्रामाणिकपणे पाहा.

त्याच समितीची एक चूकही फार बोधप्रद आहे. कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरू नये, असे समितीने सुचवले होते. माणसाच्या डोळ्यांना ती टोचणारी वाटली. 1973 साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा त्यांनी जाड तारेपेक्षा ती बारीक जाळीच पसंत केली. पायाला तिचा आधार अधिक ठिकाणी मिळत होता. तात्पर्य हे की, नुसती दया पुरेशी नाही. ज्याच्यावर दया करायची, त्याला विचारावे लागते.

मुक्या जनावराला विचारायचे कसे? यावर शास्त्रज्ञांनी मोठी सुंदर युक्ती काढली. जनावर एखाद्या गोष्टीसाठी किती कष्ट सोसते, ते मोजायचे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गायींसमोर ढकलून उघडायचे फाटक ठेवले आणि त्याचे वजन वाढवत नेले. 2017 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ताज्या वैरणीसाठी गाय जेवढा जोर लावते, तेवढाच जोर ती मोकळ्या कुरणात जाण्यासाठी लावते. पुढच्याच वर्षी तेथेच दिसले की, अंग घासायच्या ब्रशसाठीही ती तितकीच धडपडते. आणि डेन्मार्कमधील प्रयोगांत, बसण्यासाठी आणि खाण्यासाठी मिळून वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा गायींनी खाणे कमी केले, पण बसणे राखले. दुभती गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढू पाहते. रवंथालाच सात-आठ तास लागतात. ओल्या, उताराच्या, टणक फरशीवर तिला बसवत नसेल, तर ती उपाशी नसूनही वंचित आहे.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. पाहुणा आला की आपण उंबऱ्यावर पाणी पुढे करतो. गायीच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते आणि तिला मात्र आपण दिवसातून दोनदा, आपल्या सवडीने, बादली दाखवतो. म्हशीचे कातडे काळे आणि घर्मग्रंथी गायीहून विरळ. म्हणून तिला डुंबायला हवे असते. तो तिचा आळस नव्हे, ती तिची शरीररचना आहे. नदीवर नेणे बंद झाले, वर पत्रा आला, आणि उन्हाळ्यात म्हैस माजावर येत नाही म्हणून आपण औषध मागायला येतो.

धारेच्या वेळी जनावराला मारणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. 1941 साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन यांनी गायीजवळ कागदी पिशव्या फोडून तिला दचकवले आणि दाखवून दिले की भ्यालेली गाय पान्हा चोरते. भीतीने रक्तात उतरणारे द्रव्य पान्ह्याच्या संप्रेरकाला अडवते. 2009 साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या पाहणीत, गायींना नावाने हाक मारणाऱ्या गोठ्यांत वर्षाला प्रत्येक गायीमागे 258 लिटर दूध अधिक आढळले. नावाने दूध वाढते, असा याचा भाबडा अर्थ काढू नका. जो नाव ठेवतो, तो ओळखतो. जो ओळखतो, तो वेळेवर पाहतो. आपल्या आजीला प्रत्येक गायीचे नाव ठाऊक होते. आपल्याला कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक ठाऊक आहे. बिल्ला हवाच, पण हाकही हवी.

आणखी दोन गोष्टी सांगतो. कडू आहेत, पण सांगतो. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून घरोघरी आहे. आईच्या पोटातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांतच ओसरू लागते, दिवसभरात जवळजवळ संपते. वार पडायची वाट पाहणे म्हणजे वासराचे कवच काढून घेणे. आधी वासरू, मग खरवस. दुसरी गोष्ट रेडकाची. नर रेडकू जन्माला आले की त्याला हळूहळू उपाशी ठेवून मरू देणारे गोठे आपल्यातच आहेत. वसुबारसेला आपण सवत्स धेनूचे पूजन करतो. पूजेतील 'सवत्स' हा शब्द वर्षातील उरलेल्या दिवसांनाही लागू असतो.

कायदाही याविषयी मुका नाही. 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार अवाजवी आखूड वा जड दोरखंडाने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965चे नियम आहेत : दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन जू नाही. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर गुडघे टेकणारा बैल पाहिला की हे नियम मला आठवतात. पण कायदा गोठ्यात रात्री येत नाही. तेथे संस्कारच लागतो.

मग करायचे काय? महाराष्ट्रात अनेक पशुपालकांनी मुक्त संचार गोठा स्वीकारला आहे. त्याला राजवाडा लागत नाही. आहे त्या जागेभोवती कुंपण, एका बाजूला सावली आणि गव्हाण, चोवीस तास भरलेला हौद, अंग घासायला खांबाला बांधलेला खरारा, आणि बसायला कोरडी माती. जनावर आपल्या मर्जीने खाते, पिते, बसते. एकमेकींवर चढणाऱ्या गायींमुळे माज नजरेतून सुटत नाही. शेण काढण्याचे कष्ट वाचतात. हे कष्ट बहुधा आपल्या माता-भगिनींचे असतात, हेही लक्षात घ्या.

अडचणी आहेत. पहिले काही दिवस जनावरे मान ठरवण्यासाठी झुंजतात. मारकुटे जनावर वेगळे ठेवावे लागते. भित्र्या गायीसाठी गव्हाणीची दुसरी बाजू उघडी ठेवावी लागते. आणि ज्याच्याकडे दोन म्हशी आणि घरामागे दहा पावले जागा आहे, त्याने काय करावे? त्याने दावे हातभर लांब करावे, सकाळ-संध्याकाळ जनावर मोकळे फिरवावे, पाणी पुढ्यात ठेवावे. ज्याला जेवढे शक्य, तेवढे त्याने करावे.

शेवटी पुन्हा पुराकडे येतो. वर्षानुवर्षे खुंट्याला बांधलेले जनावर संकटात चालत नाही. उजेडातून अंधाराकडे जायला ते बिचकते, अनोळखी गाडीत चढत नाही, एकटे काढले तर बिथरते. कळप मात्र पुढारी गायीमागे चालतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी दोन-चार वेळा जनावरे गाडीत चढवून उतरवा, उंचावरच्या जागेपर्यंत चालवत न्या, आपली पुढारी गाय कोणती ते ओळखून ठेवा. पाणी अंगणात येण्याची वाट न पाहता त्यांना आधी हलवा. दाव्याची गाठ अशी मारा की अंधारात एका हिसक्यात सुटेल, आणि ती सोडायला घरातल्या लहानग्यांनाही शिकवा. हलवणे जमलेच नाही, तर निघताना निदान गाठ सोडून निघा. मोकळे जनावर वाचेलच असे नाही. पण बांधलेल्याला तेवढीही संधी नसते.

दत्तप्रभूंच्या तसबिरीत त्यांच्या मागे गाय उभी असते. तिच्या गळ्यात दावे नसते, तरी ती कुठे निघून जात नाही. आज घरी गेल्यावर गोठ्यात फक्त अर्धा तास बसा. काही करू नका, नुसते पाहा. पुढचे ती सांगेल.

श्रीगुरुदेव दत्त!