काडीपेटीतले लाकूड

देवघरातील समई लावताना हातातली काडी कोणत्या झाडाची, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. 1922 साली परदेशी काडीपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसली आणि हिंदुस्थानात त्यांचे कारखाने निघू लागले. अंबरनाथचा कारखाना त्यांपैकीच. पेटी स्वदेशी झाली, काडीसाठी ॲस्पेनचे ओंडके मात्र बोटीने येत राहिले.

वस्तुतः आपल्या रानांत काटेसावर विपुल होती. लाल फुलांनी डवरणारे, उशीला कापूस देणारे हे झाड. सुताराच्या लेखी त्याचे लाकूड कुचकामाचे. हा दोषारोप अगदीच खोटा नव्हे. तोडलेला ओंडका उघड्यावर राहिला की थोड्याच दिवसांत त्यावर निळसर डाग पडतात, बुरशी चढते, किडे लागतात. परंतु काडीला टिकाऊपणा हवा कशाला? तिला हवे पांढरे, सरळ धाग्याचे, मेण शोषून घेणारे मऊ लाकूड, आणि ते सावरीचे होतेच. ओंडका ताजा असतानाच यंत्रावर सोलावा, नाही तर तोवर पाण्यात बुडवून ठेवावा, एवढेच पथ्य होते. परदेशी लाकडाच्या सवयीने सावरीला वखारीत रखडत ठेवावे आणि मग तिलाच नावे ठेवावीत, हा न्याय काही बरा नव्हे!

तथापि सावर लावण्याचा वेग तोडण्याच्या वेगाशी कधीच जुळला नाही. रान विरळ होत गेले, तेव्हा कारखानदारांना शेतकरी आठवला. 1970 नंतर उत्तर प्रदेशाच्या तराईत पॉप्लरची रोपे शेतांत गेली. झाड मूळचे अमेरिकेचे, पण हिवाळ्यात निष्पर्ण होत असल्याने त्याखाली गहू पिकतो, आणि सहा ते आठ वर्षांत ते तोडणीला येते. पंजाब-हरियाणातही त्याचा प्रसार झाला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर निर्बंध घातल्यावर यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांची भिस्त तर शेतातल्या लाकडावरच राहिली.

पण 2000 नंतरच्या काही वर्षांत माल उदंड झाला, भाव कोसळले. गव्हाचा भाव पडला तर शेतकरी पुढल्या हंगामात पीक बदलतो. येथे सहा वर्षांची आशा तोडून विकावी लागली. कित्येकांनी पुन्हा रोपे लावलीच नाहीत, आणि मग कारखान्यांना लाकूड अपुरे पडू लागले.

आज प्लायवूडच्या फळीचा गाभा पुष्कळदा पॉप्लरचा असतो. वरचा पातळ पापुद्रा मात्र अनेकदा गॅबनच्या ओकूमे वृक्षाचा, समुद्रापलीकडून आलेला.