रेवसची पद्मिनी : इंजिन उघडण्याआधी

मागच्या भागानंतर सगळ्यांचा एकच प्रश्न, "पद्मिनीचं काय झालं?" तर आज तेवढंच.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८७ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आमची रेवसला घराशेजारी उभी, खारा वारा खात. धूर सोडायची, तेल प्यायची. बाबा म्हणाले होते, "एकदा नीट कर, नाहीतर विकून टाकू."

माझा पहिला प्लॅन एक्सेलमध्ये होता. दोन कार्ब्युरेटर, रेसिंगचा कॅमशाफ्ट, मोठा बोअर. मग गणित केलं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर, म्हणजे १०८९ सीसी. बोअर ६९ केला तर होतात ११२२. फक्त ३३ सीसी! आणि त्यासाठी ब्लॉकची भिंत पातळ होते. इथे Ctrl+Z नाही हो. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, आरसी बुकात तोच असतो. ब्लॉक गेला की आरटीओच्या फेऱ्या आल्या.

रेसिंग कॅमचंही तसंच. ताकद वरच्या आरपीएमला मिळते, खाली गाडी अडखळते. रेवस-अलिबाग रस्त्यावर गावं, वळणं, स्पीडब्रेकर. आपण बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच. मग वरची ताकद वापरणार कुठे?

म्हणून आधी तपासणी. कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर ११० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ७०. त्यात चमचाभर तेल टाकून परत मोजलं, तर १०५. तेलाने आकडा चढला म्हणजे दोष रिंगा-बोअरचा. चढला नसता तर व्हॉल्व्हकडे बघावं लागलं असतं.

आता ठरलेला प्लॅन असा. बोअर मोजून लागेल तेवढाच वाढवायचा, त्या मापाचे पिस्टन-रिंगा. कॅम कंपनीचाच. ॲल्युमिनियमचं हेड सपाट करण्यापुरतंच घासायचं. रेडिएटर साफ. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालेल असे, कारण आता पंपावर ई-२० मिळतं. इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे ओलाव्याला काय कमी? कार्ब्युरेटरचा जेटही किंचित मोठा लागेल, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापेल.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते ७१ वर्षांचे आहेत. म्हणाले, "अरे, मला शर्यत नाय लावायची. सकाळी चोक ओढला की सुरू झाली पाहिजे. तुझ्या आईला घेऊन अलिबागला जाऊन येईन." माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता.

एक धाकधूक आहे. हा ब्लॉक आधी एकदा बोअर झालाय, किती ते बाबांना आठवत नाही. ब्लॉक आता बोरिंगवाल्या काकांकडे आहे. जागा उरली नसेल तर स्लीव्ह बसवू. खर्च वाढेल, पण ब्लॉक वाचेल, नंबरही तोच राहील.

माप आलं की पुढचा भाग. तोवर तुमच्या घरी अशी एखादी उभी असेल, तर इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. आणि ती चालवणार कोण, तेही विचारा. भेटू!