वेदनेची बोली

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने वैद्यकीय शिक्षणावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. पण रोगी आधी बोलतो, मग त्याची तपासणी होते; आणि बोलणे हाच माझा विषय आहे.

जोयडा तालुका आपणांस परका नाही. पूर्वी तो सुपे या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणात जुने सुपे बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. दाट अरण्य आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. तेथील कुणबी आपली कोकणी बोलतो, गवळी आपल्या वळणाची मराठी बोलतो. दवाखान्यातील कागद मात्र कन्नड किंवा इंग्रजी असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाडीतील वृद्ध कुणबी आजींसोबत मी शहरातील एका रुग्णालयात गेलो होतो. त्यांच्या जुन्या कागदावर शेरा होता, 'औषध नियमित घेत नाही.' शिकाऊ डॉक्टरांनी मला कारण विचारायला सांगितले. मी विचारले, "आजी, गोळी तीन वेळा का घेत नाही?" आजी गप्प. मग मीच सांगून टाकले, "विसरत असतील."

जवळच एक शिकाऊ परिचारिका उभी होती. तिने गोळीचे नावही काढले नाही. आजींच्या शेजारी बसून तिने कोकणीतून एवढेच विचारले, "सकाळी उठल्यापासून काय काय खाता?" आजी बोलू लागल्या. सकाळी पेज, दुपारी उरलेली पेज, रात्री भात. पेज म्हणजे काही जेवण नव्हे, जेवण एकदाच. गोळी 'जेवणानंतर' घ्यायची होती, म्हणून आजी ती रोज एकदाच घेत होत्या. त्यांनी डॉक्टरांची आज्ञा तंतोतंत पाळली होती! चुकला होता दुभाषा, म्हणजे मी. भाषा येते एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

ती परिचारिका जे करून गेली, ते शिकवता येते काय? येते, असे माझे मत आहे. मात्र ते शिकवताना एक धोका संभवतो. 'कुणबी असे असतात, गवळी तसे असतात' अशी यादी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली, तर जुन्या पूर्वग्रहांना पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा तेवढी मिळेल. पावसाळ्यात वाडीतला माणूस आधी गावठी औषध देणाऱ्याकडे गेला, की आपण त्याला अंधश्रद्ध म्हणतो. परंतु तो औषध देणारा हाकेच्या अंतरावर असतो, आपल्या बोलीत बोलतो आणि त्याच्याकडे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडत नाही. जेथे रस्ता नाही, तेथे संस्कृतीला दोष देणे सोपे असते. विद्यार्थ्याने श्रद्धा कोणती आणि अडचण कोणती, हे वेगळे करावयास शिकले पाहिजे.

आपल्याच भाषेच्या प्रदेशात याचा वस्तुपाठ आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र ८ टक्केच होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. एवढे दुखणे मुकाट्याने सोसले जात होते, कारण विचारणारेच कोणी नव्हते. पुढे त्यांनी रुग्णालय उभारले ते आदिवासी खेड्यासारखे, आणि त्याला नाव दिले दंतेश्वरी देवीचे. राणीताईंच्या पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. वैद्यकशिक्षणाचा पहिला धडा त्या एका शब्दात सामावला आहे.

२०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात स्थानिक भाषेची तोंडओळख आणि रुग्णाशी संवाद यांना स्थान मिळाले आहे. पुढे खेड्यातील कुटुंबांशी विद्यार्थ्यांचा संबंध जोडण्याची योजनाही आली. हे स्वागतार्ह आहे. पण भाषा केवळ 'कुठे दुखते?' एवढ्यापुरती शिकून भागत नाही. ठणका, कळ, चमक, रग, ठसठस, भगभग, जळजळ ही सारी दुखणीच. पण प्रत्येकाची वाट निराळी. 'अंगावरून जाते' म्हणणारी स्त्री काय सांगते, हे ज्याला उमगत नाही, त्याचे निदान अर्ध्या वाटेवरच थांबते.

म्हणून या ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. शंभर वर्षे आपण छापलेले शब्द जपले. आता जोयड्याच्या वाड्यांतून आजाराचे, बाळंतपणाचे, पथ्यापाण्याचे शब्द वृद्धांच्या तोंडून टिपून घ्यावेत आणि त्यांची छोटी पुस्तिका परिचर्या-महाविद्यालयांच्या हाती द्यावी. त्या आजींच्या कागदावरील शेरा मला पुसता आला नाही. पुढच्या आजींच्या कागदावर तो लिहिला जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.