चरबी खाऊन चरबी उतरते का?



१८६२ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनमधील विल्यम बँटिंग नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ कमी ऐकू येते ही तक्रार घेऊन एका शल्यचिकित्सकाकडे गेले. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. राजघराण्यातील अंत्ययात्रांचे कामही याच पेढीकडे असे. बँटिंग यांचे वय सहासष्टीकडे झुकलेले, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधणे त्यांना अशक्य झाले होते. जिना उतरताना गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून ते पाठमोरे उतरत असत.

बँटिंग आळशी नव्हते की खादाडही नव्हते. पहाटे नदीवर जाऊन त्यांनी नाव वल्हवली. त्याने भूकच वाढली. तुर्की स्नाने झाली, औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले, नामांकित वैद्यांचे सल्ले झाले. वजन ढळले नाही. कानाच्या तक्रारीसाठी भेटलेल्या डॉ. विल्यम हार्वे यांनी मात्र दुखण्याचे मूळ मेदात असल्याचे सांगितले. हार्वे यांनी १८५६ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची यकृत आणि शर्करा यांच्या संबंधावरील व्याख्याने ऐकली होती. त्यांनी रुग्णाला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य केले. मांस, मासे, बटाट्याखेरीज अन्य भाज्या आणि थोडी फळे यांना मुभा दिली. सुमारे वर्षभराने बँटिंग यांचे वजन १५६ पौंडांवर आले होते. म्हणजे ४६ पौंड, जवळजवळ २१ किलो उतरले होते. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला होता.

या गृहस्थांनी पुढे जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. १८६३ मध्ये त्यांनी ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि प्रारंभी ती विनामूल्य वाटली. पुढे मागणी वाढून ती विकली जाऊ लागली, तेव्हा नफा धर्मादाय कार्याला दिला. आपले वजन, घेर आणि तारखा त्यांनी प्रांजळपणे मांडल्या, श्रेय डॉक्टरांना दिले आणि वैद्यांनी या विषयाचा अभ्यास करावा अशी इच्छा व्यक्त केली. त्यांचे नाव इतके रूढ झाले की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी आहार आवरण्याला आजही ‘बांता’ हेच क्रियापद वापरतात.

आज ‘कीटो’ अथवा ‘लो-कार्ब’ या नावाने जो आहार घरोघरी चर्चिला जातो, त्याचे मूळपुरुष म्हणून बँटिंग यांचे नाव घेतले जाते. परंतु वर्ज्य पदार्थांच्या त्या मूळ यादीत लोणी आणि दूध यांचाही समावेश होता, हे सहसा कोणी सांगत नाही. बँटिंग यांनी तुपा-लोण्याच्या वाट्या रिचवून वजन उतरवले नाही. त्यांच्या ताटातून साखर, मैदा आणि मद्यातील माल्ट गेले. या आहाराचे मर्म ताटात काय घातले यापेक्षा ताटातून काय काढले यात अधिक आहे. आजचा मुख्य मुद्दा हाच आहे.

औषध म्हणून जन्मलेला आहार

मग भरपूर स्निग्धांशाचा आहार आला कोठून? तो वजनासाठी आलाच नव्हता. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, रुग्णाला उपवास घडला की झटके कमी होतात हे जुने निरीक्षण होते. परंतु कायम उपवास कोण करणार? अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये यावर तोड सुचवली. आहारातून कर्बोदके जवळजवळ काढून टाकावीत आणि ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून पुरवावी. मग यकृत मेदापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू त्यांवर चालतो. त्यावरून या आहाराला ‘कीटोजेनिक’ हे नाव मिळाले. त्याच्या अभिजात रूपात चार भाग स्निग्धांशाला प्रथिने आणि कर्बोदके मिळून एकच भाग असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४५ मुलांवरील ब्रिटिश चाचणीत तीन महिन्यांनी या आहारावरील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले. नेहमीचा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. तथापि ही मुले डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, ग्रॅम-ग्रॅम मोजून जेवत होती.

वजनासाठी हा विचार जगभर पोहोचवला तो न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ मधील पुस्तकाने. येथून औषधाची लोकप्रिय चळवळ झाली, आणि चळवळीबरोबर अतिशयोक्तीही आली.

शरीरात काय घडते?

कर्बोदकांचे पचन होऊन शर्करा बनते. ती रक्तात आली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिन शर्करेला पेशींत पोहोचवते आणि मेदाचे विघटन रोखून धरते. कर्बोदके अगदी कमी केली की इन्शुलिनची पातळी खाली येते आणि शरीर मेद जाळू लागते. भूकही पुष्कळांची कमी होते, कारण प्रथिने पोटाला आधार देतात. हा भाग खरा आहे.

परंतु पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला की जो आनंद होतो, तो काहीसा फसवा असतो. यकृत आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन साठवलेले असते आणि त्याच्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी असते. कर्बोदके थांबली की हा साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. उतरते ते प्रामुख्याने पाणी. मेद सावकाश उतरतो, आणि तोही घेतलेल्या ऊर्जेपेक्षा खर्च अधिक असेल तरच. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ उष्मांक असतात, तर कर्बोदकांत ४. मोठा चमचाभर तूप म्हणजे सुमारे १३५ उष्मांक. ‘कीटो चालू आहे’ म्हणून तुपाला हिशेब लागत नाही, असे शरीर मानत नाही.

दीर्घ मुदतीच्या चाचण्या काय सांगतात? इस्राएलमधील डिमोना येथे ३२२ जणांवर दोन वर्षे झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्धांशाच्या आहाराने सरासरी २.९ किलो, भूमध्यसागरी आहाराने ४.४ किलो आणि कमी कर्बोदकांच्या आहाराने ४.७ किलो वजन उतरले. तेथे कमी कर्बोदकांच्या गटाला स्निग्धांश आणि प्रथिने शाकाहारी स्रोतांतून घेण्याचा सल्ला होता, ही गोष्ट आपल्याकडील शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात घ्यावी. २०१८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या ६०९ जणांवरील चाचणीत मात्र वर्षअखेरीस कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो वजन उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भरपूर भाज्या आणि घरचे साधे अन्न घेण्यास सांगितले होते. अर्थात मार्ग एकच नाही. जो मार्ग वर्षानुवर्षे चालवता येईल तोच उपयोगाचा.

आपली प्रकृती, आपले ताट

हे सारे पाश्चात्त्य देहांचे झाले. आपला देह थोडा निराळा आहे, हे पुण्याच्या संशोधनाने जगाला दाखवून दिले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची-वजनाच्या गुणोत्तराने मिळणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के होता, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मेद लपलेला असतो, आणि तो विशेषतः पोटात साठतो. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा, हा भारतीयांसाठीचा दंडक आहे.

देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाने सांगितले. त्याच उपक्रमाच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. प्रथिने त्या मानाने फार थोडी. तेव्हा कर्बोदके कमी करण्याची गरज आपल्याला खचितच आहे. परंतु किती? मधुमेहींसाठी याच अभ्यासकांनी २०२२ मध्ये सुचवलेले प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपासचे आहे. ते शून्याजवळचे नाही.

हा फरक घरच्या मापाने पाहावा. कडक कीटो आहारात दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांचीच मुभा असते. पन्नास ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम. वाटीभर भात म्हणजे आणखी ४० ग्रॅम. वरणातही कर्बोदके आहेत, उसळीतही आहेत. शाकाहारी मराठी घरात असा आहार म्हणजे पनीर, तूप आणि सुकामेवा यांवर दिवस काढणे होय. चार महिन्यांत मन विटते, सण येतो, पुरणपोळी येते आणि उतरलेले वजन व्याजासह परत येते.

उलट ज्या गोष्टी सहज सुटू शकतात त्यांकडे दुर्लक्ष होते. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम शुद्ध साखर. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि बटाट्याची भाजी त्याच्या जोडीला. चहाबरोबरची बिस्किटे, बेकरीतली खारी, रात्रीच्या भाताचा दुसरा वाढा, हे गेले तरी बँटिंग यांची निम्मी यादी पाळली गेली. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर यांनी भरावा. पाव भागात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडे अथवा मासा यांपैकी काही असावे. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. स्निग्धांशासाठी शेंगदाणे, तीळ, जवस यांच्या चटण्या आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहेतच.

‘पूर्वीचे लोक तूप खाऊन काटक राहिले’ असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ते लोक शेतात राबत होते, हे त्यात विसरले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची कारणे सांगितली आहेत. अतिभोजन, जड, गोड आणि स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, ही त्यांतील काही. तेथे गोड आणि स्निग्ध हे दोन्ही एकाच पंक्तीत बसवले आहेत. उपाय म्हणून पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न सांगितले आहे. आजचा चोथायुक्त आहाराचा सल्ला त्याच्या जवळ जाणारा आहे. परंपरेचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा, सोयीपुरता नव्हे.

गोळ्या परस्पर बंद नकोत

शेवटचा मुद्दा प्राणाशी संबंधित आहे. कर्बोदके कमी केल्यावर रक्तशर्करा खाली येते. काही रुग्णांची औषधे कमीही करता येतात. परंतु ती डॉक्टरांनी कमी करायची असतात. इन्शुलिन अथवा स्वादुपिंडाला चालना देणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवून जेवणातली भाकरी काढली, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरते आणि माणूस बेशुद्ध पडतो. दुसरीकडे, आहाराने गुण आला म्हणून इन्शुलिन परस्पर थांबवणे लहानपणापासूनच्या मधुमेहीच्या जिवावर बेतते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर कडक कीटो आहार मनानेच सुरू करूच नये. अशा वेळी रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होऊ शकते, आणि शर्करेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने घरच्यांना संशयही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. गर्भवती, स्तन्यदा माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. काहींच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल या आहाराने बरेच वाढते. म्हणून प्रारंभी आणि तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक.

बँटिंग १८७८ साली वयाच्या ८१ व्या वर्षी निवर्तले. पुढे त्याच आडनावाचे कॅनडाचे फ्रेडरिक बँटिंग इन्शुलिनच्या शोधात अग्रणी ठरले आणि १९२३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. एका बँटिंगने ताटातून साखर काढली, दुसऱ्याने मधुमेहीला इन्शुलिन दिले. पथ्य आणि औषध यांत वैर नाही, हे ध्यानी ठेवायला ही दोन नावे पुरेशी आहेत.

आज घरी गेल्यावर एक वही काढावी. पहिल्या पानावर तारीख, वजन आणि कमरेचा घेर लिहावा. चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहावीत आणि तीच वही घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. वर्षभराने, त्याच तारखेला, पुन्हा तीच नोंद करावी. आहार कोणताही असो, त्याचा निकाल त्या दुसऱ्या नोंदीनेच लावावा.