निवृत्त कामगार आणि मधुमेह



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो विश्रांती मागणार, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. आम्ही त्याच परंपरेतले. तरीही आज आम्हांला थोडे हालचालीच्या बाजूने बोलावयाचे आहे.

तीस-पस्तीस वर्षे यंत्रापाशी उभा राहिलेला कामगार निवृत्त होऊन घरी येतो. घरची माणसे मायेने म्हणतात, "पुष्कळ राबलात, आता बसा." तो बसतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, रात्री दूरचित्रवाणी. भाकऱ्यांची संख्या मात्र पाळीवर होती तीच राहते. पुढे एके दिवशी तपासणीत साखर निघते. असे कितीतरी सोबती आम्ही पाहिले आहेत.

याचे कारण असे. जेवणातून रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यासाठी त्यांना इन्सुलिनचा इशारा लागतो. उतारवयात स्नायू झडतात आणि बैठकीने तो इशारा त्यांना नीट ऐकू येईनासा होतो. पण स्नायू कामाला लागला, की इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही तो साखर ओढून घेतो.

कोणी म्हणेल, "जन्मभर राबलो, ते कष्ट कुठे गेले?" बंधूंनो, हे कष्ट भविष्यनिर्वाह निधीसारखे साठत नाहीत! आजच्या चालण्याचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा पडू देऊ नये.

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ स्त्रीपुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, आहारावर ताबा आणि वजनात शेकडा ७ घट, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. साठी ओलांडलेल्यांत तर ते शेकडा ७१ ने घटले! म्हणजे "आता या वयात काय उपयोग?" हा प्रश्नच निकालात निघाला.

आपली शतपावलीही खरी ठरली आहे. मात्र शंभर पावलांवर भागणार नाही. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे. त्याच्या जोडीला हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे, म्हणजे मांड्यांत बळ राहील. ज्यांना गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे, छातीत दुखते किंवा पाय बधिर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पण सारा बोजा एकट्या म्हाताऱ्यावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. खचलेला पदपथ, बंद पडलेला दिवा आणि भरधाव वाहने असताना सत्तरीच्या माणसाने चालावे कुठे? सपाट पदपथ, चालू दिवे आणि टेकायला बाक, या मागण्या घेऊन गावोगावच्या निवृत्तांनी नगरपालिकेच्या दारी जावे. तेथवर चालत जावे, म्हणजे दोन्ही कामे होतील.